प्रांजलचा साखरपुडा आणि पुढच्या चाकाचे ब्रेक

वडूज

ती. अंकितावन्सं यांना धाकट्या भावजयीचा, क्रांतीचा, वाकून नमस्कार.

तुमची गुडघेदुखी, भाऊजींची साखर आणि तुमचा राग, तिन्ही थोडं उतरलं असेल अशी आशा करते. (साखरपुड्यापासून तुम्ही आमचा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.)

भाचीच्या साखरपुड्याला सख्खा मामा आला नाही, याला कारण गाडीचे पुढचे ब्रेक. पॅड झिजून ते असे करकरायला लागले होते की हे वळणावर असतानाच मी चहा टाकायची. मेस्त्री म्हणाला, सोमवारी आणा. साखरपुडा तर रविवारी. मग यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला (फौजेत होते हे खरं, पण धान्याच्या कोठारावर, ते तुम्हाला मी काय सांगणार) आणि शनिवारी अंगणात गाडी जॅकवर चढवली. नट सैल करायला गेले, तर पान्ह्याबरोबर चाकच फिरायला लागलं. गाडी पुन्हा खाली, नट सैल, पुन्हा वर. मी ज्वारी निवडत बघत होते. दुपारी जुने पॅड निघाले, पण नवे काही केल्या बसेनात. "दुकानदारानं जाड दिल्यात," म्हणत एसटीनं साताऱ्याला गेले आणि संध्याकाळी तेच पॅड घेऊन परत आले. (नवे जाडच असतात म्हणे, आतला दट्ट्या आधी मागं ढकलायचा असतो.) मी भाकरी थापायला घेतली. बोलून बोलून मीही झिजलेय.

रविवारी सकाळी पॅड बसले. आम्ही नटूनथटून सांगलीला निघालो. सासूबाई मागं, मांडीवर प्रांजलची पैठणी. आता, नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक चार-पाचदा दाबून घट्ट करायचा असतो. ते व्हिडिओत अगदी शेवटी होतं. हे कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत ऐकत नाहीत. फाटकाबाहेरच्या उतारावर यांनी ब्रेक दाबला, तर पाय नुसता खाली गेला, आणि गाडी थेट समोरच्या आकारामआण्णांच्या कडब्याच्या गंजीत! धूळ खाली बसल्यावर मागून सासूबाईंनी विचारलं, "आली का रं सांगली?"

कुणाला लागलं नाही. पण हे पायरीवर बसले ते उठेनात. "बहिणीच्या पोरीचा साखरपुडा, आन मी कडब्यात," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. एसटीनं चला म्हटलं, तर म्हणे कुठल्या तोंडानं जाऊ? म्हणून तुम्हाला फोनवर आईला ताप आलाय असं सांगितलं. (सासूबाईंनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.) ते खोटं तुम्ही ओळखलंतच, पण हे बोलले ते लाजेपोटी. एकदा तुम्ही होऊन फोन करा, वन्सं. त्यानंतर घरात कुणी धड जेवलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार, प्रांजलला खूप आशीर्वाद. पैठणी मी झटकून ठेवलीय.

तुमची,
क्रांती

ता. क. लग्नाला गाडीनंच येऊ म्हणतायत. उजव्या चाकाचे ब्रेक अजून बदलायचे राहिलेत. एसटीनं या, असं तुम्हीच बजावा. माझं ऐकत नाहीत.

ता. क. साखरपुड्याचा व्हिडिओ यांनी तीनदा बघितला. नवरामुलगा कसा वाटला विचारलं, तर म्हणाले, "पोरगं लय गुणाचं हाय, पण त्याची गाडी करकरतीया." पान्हे पिशवीत भरून झालेत. लग्न उरकेपर्यंत जावईबापूंची गाडी कुठंतरी लपवून ठेवा.