कुठल्या घरचं रक्त

ओरुद्दा, १९ जानेवारी २००४

ति. ताताना ताईस,
गोनारिओचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून लिहितो. मेंढ्या व्यायल्या, कोकरं धडधाकट आहेत. सान्त आंतोनिच्या सणाच्या आगीभोवती फिरताना मात्र मला धाप लागली. लोक म्हणाले, गोनारिओनं थोरल्या भावाची विजार घातलीय.

साखरेवरच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत. पथ्य इतकं, की आमच्या घरचा मध आता मधमाश्याच खातात. तरी साखर चढते आणि मी झडतो. दवाखान्यात मुरेद्दू म्हणून नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. त्यांनी विचारलं, घरात कुणाला साखर, थायरॉइड? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कुणालाही नाही. ही शेजारी बसलेली आमची आई झोसेप्पा, चौऱ्याऐंशीची, अजून दगड पचवते. बाई सहज म्हणाल्या, आईचं नाक काही घेतलं नाहीत तुम्ही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पोटचा नव्हे, जिवाचा लेक. तिला मूल नव्हतं, आपलं घर पोरांनी भरलेलं, म्हणून सहाव्या वर्षी तुम्ही मला तिच्या ओटीत घातलंत. आपल्या बेटावर ही जुनीच रीत, इथं हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून सांगायचं सुचलंच नाही.

बाईंनी पुन्हा रक्त घेतलं, आणि जन्मघरची माहिती आणायला सांगितली. घरी पोचल्यावर आई म्हणाली, म्हणजे एवढी वर्षं मी परक्याचं पोर वाढवलं म्हणायचं. ताई, साखरेपेक्षा हे मला जास्त लागलंय. तिला आता दुखवायचं नाही, पण बाईंना उत्तरही द्यायला हवं. आपल्याकडे काय होतं ते लिही. देव तुला सांभाळो, आणि तुझी माया इकडे वळलेली राहो.

तुझा,
गोनारिओ


तोर्रेबाका, २ फेब्रुवारी २००४

चि. गोनारिओस,
अनेक उ. आ.

वेड्या, मेंढ्यांची सात पिढ्यांची पैदास तुला तोंडपाठ, आणि स्वतःची विसरलास!

बाबा गेले तेव्हा तू इकडे नव्हतास. पन्नाशीला टेकताना ते वाळून बोरूसारखे झाले. झऱ्यावर खेचराच्या शेजारी वाकून पाणी प्यायचे, आणि लोक हसायचे की दोघांत आधी कोण उठतंय बघू. आम्ही म्हटलं, नजर लागली. पाण्यात गहू टाकून नजर काढली. द्राक्षं उतरायच्या आत ते गेले. आत्याचा गळा सुजलेला असायचा. मला थायरॉइडची गोळी रोज घ्यावी लागते. आपला भाऊ प्रेदू, त्याची धाकटी मुलगी लहानपणापासून साखरेच्या सुया घेते. आजवर आम्ही ही सगळी निरनिराळी दुखणी समजत होतो. तुझं पत्र वाचलं आणि ती पहिल्यांदाच एका कागदावर मांडली.

झोसेप्पामावशींना सांग, आम्ही काही परत मागायला आलेलो नाही. त्यांच्या ओटीत असलं काही घातलं, याचीच लाज वाटते. अंगावर लोकर घाल, आणि या म्हातारीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताताना


ओरुद्दा, १ मार्च २००४

ति. ताताना ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तपासणीचं उत्तर आलं. माझी साखर नेहमीची नव्हे. अंगातले राखणदारच घरच्यांना चोर समजून मारतायत. पोटात जिथं इन्सुलिन तयार होतं, तिथल्या पेशी ते संपवतायत. मोठेपणी हे इतकं सावकाश चालतं, की ती साधी साखरच वाटते. गोळ्या बंद, सुई सुरू.

बाई म्हणाल्या, याची ओढ रक्तातून येते, काही आईकडून, काही बापाकडून. तुझी थायरॉइडची गोळी, प्रेदूच्या पोरीची सुई, माझं वाळणं, ही एकाच ओढीची निरनिराळी रूपं असावीत. ताई, बाबांचा चेहरा मला नीट आठवत नाही. माझ्या वाट्याला त्यांचं काही आलंच नाही असं मी समजत होतो, आणि ते माझ्या कणाकणात वस्तीला होते! त्या रात्री प्रार्थनेत बाबांचं नाव घेतलं.

आई सोबत आली होती. तिनं बाही सरकवून हात पुढं केला, म्हणाली, माझंही रक्त बघा. इतकी वर्षं एका भांड्यातलं खाल्लंय, काहीतरी इकडचं तिकडं गेलंच असेल. बाईंनी शांतपणे समजावलं, की तसं होत नाही. पण पुढं म्हणाल्या, की रक्तच सगळं ठरवत नाही. रक्तातली हीच खूण घेऊन या बेटावर कितीतरी माणसं जन्मभर ठणठणीत राहतात. कुणाचा आजार जागा होतो, कुणाचा नाही, आणि यांचा एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत का थांबला, हे आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही.

आई म्हणाली, म्हणजे एवढी वर्षं मीच त्या दुखण्याला निजवून ठेवलं होतं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, हे खरं आहे असं मला सांगता येत नाही. खोटं आहे असंही सांगता येत नाही.

आईनं बाही खाली ओढली, खुर्ची बाईंच्या टेबलाशी सरकवली आणि म्हणाली, सुई कशी टोचतात ते आधी मला दाखवा, पोराचा हात थरथरतो.

दोन्ही घरांवर तुझी सारखीच पाखर असू दे.

तुझा,
गोनारिओ