नीनाच्या गाडीचा वार्षिक कर

कँटन, मिशिगन
१९ मे

ती. देवयानीताईंना अवधूतचा साष्टांग नमस्कार.

तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? फिजिओथेरपीवाल्या मुलीलाच तुम्ही दमवता, असं तुमचा शिव फोनवर सांगत होता. नागपुरात सेहेचाळीस अंश झालेत हे मला इथे रोज कळतं, कारण माझ्या फोनवर नीनाने कँटनच्या आधी नागपूरचं हवामान लावून ठेवलंय. (ते काढता येतं म्हणतात. मी काढलेलं नाही.) माझं ठीक चाललंय. वरण-भात जमतो, पोळी अजून जमत नाही, त्यामुळे साखर थोडी वर आहे. नीना गेल्यावर तुम्ही महिनाभर रोज फोन केलात आणि मी रोज फक्त 'हो, जेवलो' एवढंच म्हणालो, तेव्हा आज लिहितो. पत्र गाडीबद्दल आहे.

तिने फोटो पाठवला होता ना, तीच लाल गाडी. दोन दारांची, बटण दाबलं की छप्पर मागे जाऊन घडी घालून बसतं. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्यावर महिन्याभरात तिने ती घेतली, सात वर्षं जुनी, पुष्कळ स्वस्तात. ज्या बाईने तीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन नळावर वाळत घातल्या आणि दह्याचा एक डबा फेकू दिला नाही, तिने! मला विचारलंसुद्धा नाही. माझी बत्तीस वर्षं बंपरच्या चाचण्या घेण्यात गेली. नवी कोरी गाडी भिंतीवर आपटायची आणि कुठे काय मोडलं ते लिहून काढायचं. त्यामुळे गाडी म्हटली की मला पुढे भिंतच दिसते. तसं म्हटल्यावर म्हणाली, "तू भिंतीकडे बघ, मी वर बघते." आणि त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी डोक्याला ओढणी बांधून वर बघत हिंडली.

आता झालं असं की एप्रिलमध्ये तिच्या नावाने गाडीच्या कराचा कागद आला. आमच्याकडे असले कागद तिच्या खात्यात. आकडा वाचून मी चष्मा पुसला, पुन्हा वाचला. माझ्या साध्या गाडीच्या तिपटीहून जास्त! आश्लेषाला सिअ‍ॅटलला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, जस्ट सेल इट. यू डोन्ट इव्हन फिट इन इट." (खरं आहे. सहा फूट दोन इंचांच्या माणसाने त्या गाडीत शिरणं म्हणजे ताडपत्री डब्यात कोंबणं.) पण मला वाटलं, निदान समजून तरी घेऊ. तीन दिवस बसून वाचलं. ताई, गंमत अशी की मिशिगनमध्ये हा कर तुम्ही गाडी कितीला घेतलीत त्यावर नसतो. ती नवी असताना कंपनीने जी किंमत लावली होती, त्यावर असतो. पहिली काही वर्षं तो थोडा थोडा उतरतो आणि मग जिथे थांबला तिथेच थांबतो. गाडी म्हातारी झाली, रंग उडाला, मालक बदलला, तरी सरकारच्या लेखी ती कायम नवी आणि महागच. आणि मुदत संपते मालकाच्या वाढदिवसाला. म्हणजे दरवर्षी केकबरोबर हा कागद.

इथे गाड्यांचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेट नावाच्या कार्यालयात चालतं. (परराष्ट्रमंत्र्यालाही इथे हेच म्हणतात, म्हणून मला वाटायचं तिथे तह वगैरे होत असतील. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत.) मी फाइल घेऊन गेलो. खिडकीवर लोरेन नावाची माझ्याच वयाची बाई होती. मी पहिला मुद्दा मांडला की आम्ही ही स्वस्तात घेतली. ती म्हणाली, सगळ्यांना हाच नियम. दुसरा मुद्दा, गाडी जानेवारीपासून गॅरेजमधून हललेली नाही. ती म्हणाली, मग भरू नका, पण रस्त्यावर काढू नका. तिसरा मुद्दा मी शोधत होतो तेवढ्यात तिने कागदावरचं नाव वाचून विचारलं, "मालकीणबाई आल्यात का बरोबर?"

मी म्हणालो, "आज तिला यायला जमलं नाही."

ताई, असं तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. मी फाइल उचलली आणि बाहेर येऊन पार्किंगमध्ये अर्धा तास बसलो. इतके लोक समाचाराला येऊन गेले, पण 'माझी बायको गेली' हे वाक्य मला स्वतःहून कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आठवड्याने पुन्हा गेलो, मृत्यूचा दाखला घेऊन. लोरेनच होती. मी तो काचेखालून सरकवला आणि म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो." तिने वाचलं आणि गाडी माझ्या नावावर करायचे फॉर्म काढले. मग समजावून सांगू लागली की आता मुदत तुमच्या वाढदिवसावर जाईल, तेव्हा तारीख बदलेल. माझं लायसन्स बघितलं, पुन्हा नीनाचा कागद बघितला. "अरे! दोघांचा एकच? एक जून?" तिचे डोळेच भरून आले. "मेड फॉर ईच अदर," म्हणाली.

आता तिला काय सांगू, की तिकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या जिल्ह्याला एक जूनलाच जन्माला घातलंय! मला हसू फुटलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा. इतका हसलो की थांबवेना, आणि थांबलो तेव्हा लक्षात आलं की हे हसणं राहिलेलंच नाही. लोरेन खिडकी बंद करून बाहेर आली आणि त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझ्याशेजारी बसून राहिली. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही.

कर भरला. नंबरप्लेटवर स्टिकर लावला आणि गाडी बाहेर काढली. छप्पर उघडल्याशिवाय मी मावतच नाही, म्हणून उघडलं. तर डोकं पुढच्या काचेच्या वर! सिग्नलला शेजारी इथल्या मराठी मंडळाचे नरेंद्र येऊन थांबले. "काय यार अवधूत, या वयात हे काय?" म्हणून हसले, मग गाडी ओळखली. हिरवा लागला तरी दोघंही हललो नाही. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा निघालो.

एकूण विचार करता दरवर्षी एवढा कर भरणं शहाणपणाचं नाही. गाडी विकायची असं मी पक्कं केलं आहे. शिवला आशीर्वाद.

आपला,
अवधूत

ता. क. काल एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मी त्याला नव्या गाडीची किंमत सांगितली. सरकार तीच धरतं, मग मी कमी का धरू? तो गेला. आश्लेषाने विचारलं तर बाबा प्रयत्न करताहेत एवढंच सांगा.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे एवढंच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. नीनाचा खरा वाढदिवस कधी? चाळीस वर्षांत मी विचारलं की म्हणायची, "गणपती गेल्यावर कधीतरी, ताईला माहीत आहे." आणि मी कधी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही तेव्हा सहा-सात वर्षांच्या असाल, काहीतरी आठवत असेल. तारीख नको, नुसती तिथी सांगा. तीही नसेल तर त्या दिवशी पाऊस होता की ऊन, घरात काय शिजलं होतं, कुणी तुम्हाला बाळ दाखवायला आत नेलं, तेवढं लिहा. बाकीचं मी शोधून काढीन. मला आता पुष्कळ वेळ असतो.