दुसऱ्या क्रमांकाची स्वकष्टार्जित मिळकत

व्यायामशाळेच्या सभासदांनो, आणि त्यांतही दुसऱ्या क्रमांकावर आलेल्यांनो, आपली तक्रार एकच आहे. दुसऱ्याच्या गळ्यात पदक पडताना आपण टाळ्या वाजवल्या, पण ते दंडाचे की सुईतल्या औषधाचे, हे विचारण्याची सोय आपल्याला कोणी ठेवली नाही.

मी, वजन उचलणारा आणि उचलायला शिकवणारा, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर आहे, हृदय नाही, असे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितल्यावर, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधीचे सर्व लेख रद्द समजावेत. हा कागद वार्षिक सभेत, धाकट्या भावाचा ठराव येण्याआधी वाचावा. मी तोवर जिवंत असलो तरी वाचावा.

एक. राहते घर बायकोचे. माझी सगळी भाषणे तिने आधी जेवताना ऐकली आहेत. त्यामानाने घर लहानच आहे.

दोन. पुस्तके वाचनालयाला. समासात मी लेखकांशी घातलेले वाद खोडू नयेत.

तीन. कमरेचा चामडी पट्टा आमचे बार दुरुस्त करणाऱ्या वेल्डरला. भावाने तो दोनदा मागितला आहे. त्याला देऊ नये. त्याच्याकडे माझे पुष्कळ गेले आहे.

आपल्याकडची रीत तुम्ही जाणता: हरलेल्याने जिंकणाऱ्याचा बार भरायचा. ज्या वजनाने मला हरवले, त्याच्या चकत्या वर्षानुवर्षे मीच चढवल्या. धाकटा उचलायचा आणि आई आनंदाने रडायची. माझ्या पाळीला ती नेमकी पाणी आणायला गेलेली असायची.

चार. माझा मत्सर. ही वडिलोपार्जित नव्हे, पूर्णतः स्वकष्टार्जित मिळकत आहे. तिच्यावर कोणाचा हक्क नाही. मी ती सोबत नेणार आहे. पण ती कशी वाढली, हे वारसांना कळावे.

धाकट्याने सुवर्णपदक घेतले, त्या सकाळी धाकटी भावजय बाटली घेऊन आली होती. "भावजी, साखर तपासून घेऊ तुमची. घरात सगळ्यांचीच करतोय." मी बाटली भरून दिली. त्या काळी स्पर्धेत नमुना घेणारे लाजून पाठ फिरवत. धाकट्याच्या नमुन्यात काहीच निघाले नाही. कसे निघेल? गेल्या वाढदिवशी सगळ्यांसमोर तोच म्हणाला, "दादा, रागावू नकोस हं. ते सोनं आपल्या दोघांचं. उचललं मी, लघवी तुझी!" सगळे हसले. मी हसलो नाही, पण तोंडात केक होता म्हणून कोणाला कळले नाही.

पाच. व्यायामशाळेतील माझा निम्मा हिस्सा पुतणीला, म्हणजे त्याच्याच मुलीला, बिनशर्त. तिला कोणी शिकवायचे, हे तीच ठरवेल.

भावाचा ठराव असा की, आपण तपासणीच्या स्पर्धा सोडाव्यात आणि ज्याला जे घ्यायचे ते घेऊ द्यावे. तो मला म्हणाला, "तुझे खांदे जन्मतः रुंद, दादा. ते कोणी तपासले? मी माझे दुकानातून आणले, एवढाच फरक. डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलं तर बिघडलं कुठे?"

मुद्दा पोकळ नाही. जन्माच्या वेळी न्याय झोपलेला असतो, हे मान्य. पण माझ्या रुंद खांद्यांनी शेजाऱ्याला खांदे विकत घ्यायला लावले नाहीत. सुई मात्र लावते. एकाने घेतली की दुसऱ्याला घ्यावीच लागते. "ज्याला हवे त्याने घ्यावे" याचे बघता बघता "न घेणाऱ्याने घरी बसावे" होते. सगळ्यांनी घेतली तर झीज सगळ्यांची, आणि पहिला मात्र एकच.

पुतणीने परवा बार पुसता पुसता विचारले, "काका, ठराव झाला तर बाबा मला घे म्हणतील. मग मला नाही म्हणता येईल?"

"तुला काय वाटतं?"

"मला उचलायचंय. तुमच्यासारखं दुसरं नाही यायचं."

हे मला लागले. तिची उचल पाहून मला तिचा हेवा वाटतो. अशी उचल मला कधी साधली नाही. आणि ती सुईची नाही, हे मी छातीठोक सांगतो. मत्सरी माणसासारखा पारखी नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा जळतो म्हणून बोलतो. जळतोच. जळणाऱ्याचे बोलणे तेवढ्याने खोटे होत नाही.

सही: थोरला
साक्षीदार: वेल्डरचा थोरला भाऊ, डॉक्टरीणबाई
स्थळ: व्यायामशाळेची वरची खोली
तारीख: वार्षिक सभेच्या आधीचा सोमवार

पुरवणी, त्याच दोघांसमोर: आता भाऊ ठराव मांडेल आणि तुमच्याकडे बघून हसेल. त्याचे हसू गोड आहे. तेही मला मिळाले नाही. पुतणी पहिल्या रांगेत असेल, समोर तिचा बाप. विरोधाचा हात तिला एकटीला उचलायला लावू नका. "विरोधात कोण?" असे विचारले की तिच्या आधी तुमचा हात वर करा.