चुंबक न चिकटणारी गाडी

३ मार्च, सोमवार. सकाळी साडेअकरा.

सगळ्यात आधी आला तो कुत्रा. गाडी नीट थांबायच्या आत बाहेर उडी, ती थेट माझ्या धुतलेल्या पायरीवर. त्याच्या मागून ते रिटायर मास्तर, ज्यांची गाडी चिमीला बघायची होती, आणि सगळ्यात शेवटी आमचे मिस्त्री, गॅरेजवाले. त्यांना चिमीनेच बोलावलेलं, गाडी तपासून द्यायला. चिमी म्हणजे माझी नात. हे मला माहीत आहे, पण लिहिताना सगळं लिहावं.

गाडी निळी. दोनच सीट. वर कापडाचं छप्पर, ते मागे घडी करून ठेवता येतं. स्पोर्ट्स गाडी म्हणतात तिला. मी आत डोकावले आणि शी! सीटवर कुत्र्याचे केस, पायाशी बिस्किटांचा चुरा, आणि राखदाणीत कुणाचं तरी कापलेलं नख. नख! एकतीस वर्षं लाँड्री चालवली मी. लोकांच्या खिशांतून काय काय निघायचं, दात निघालेला आहे एकदा, तो परत केला होता कागदात गुंडाळून, त्या बाईंनी थँक्यू म्हणायचं तर राहिलंच, वर इस्त्री नीट नाही म्हणाल्या. पण नख कुणी जपून ठेवलेलं नव्हतं पाहिलं. छपराला एक ठिगळही होतं. टाका बारीक होता, खोटं कशाला बोलू. पण ठिगळ ते ठिगळ.

मास्तरांनी वही काढली. गाडीला काय झालं, काय बदललं, सगळं तारखेसकट. ऑइल, ब्रेक, पट्टा, पाण्याचा पंप, छपराचं ठिगळसुद्धा. मिस्त्री बोटाला थुंकी लावून पानं उलटत होते (अंगावर काटा आला) आणि म्हणत होते, आजी, अशी वही ठेवणारा माणूस मी दहा वर्षांत पाहिला नाही. मी म्हटलं, अहो, एवढी दुखणी असलेला जावई कुणी पसंत करेल का? चिमी हसली. मास्तर हसले नाहीत.

मग मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावर जागोजाग लावत सुटले. जिथे लावावं तिथे टक्कन चिकटायचं. अशी चिकट गाडी.

बसून पाहिलं. सीट इतकी खाली की बसले ती बसलेच. मास्तर म्हणाले, आजींना हे जमायचं नाही, त्यांचे गुडघे बघा. परक्या माणसाने चारचौघांत माझे गुडघे काढले! बाहेर ओढताना कुत्र्याने माझा गाल चाटला. साबणाने तीनदा तोंड धुतलं. अजून वास येतोय.

४ मार्च, मंगळवार.

चिमीची नवी नोकरी एक एप्रिलपासून, इथून चार तासांवर. सात वर्षांची असल्यापासून माझ्यापाशी आहे. तिने शब्द दिलाय, आजी, गाडी धड मिळाली तर दर रविवारी येईन, छप्पर उघडून तुला फिरवून आणीन. गाडी दगाबाज निघाली तर मग बस, आणि बस तीनदा बदलावी लागते, म्हणजे महिन्यातून एकदा जमलं तर जमलं.

तेव्हा गाडी भरवशाची पाहिजे. आणि भरवसा ओळखणं हे मिस्त्रींचं काम नाही. त्यांना इंजिन कळतं. मला कापड कळतं आणि माणूस कळतो. गाडी म्हणजे तरी काय, माणसाने वापरून दुसऱ्याला दिलेलं कापडच.

ठरवलं: गोड बोलण्याला भुलायचं नाही. नाक उघडं ठेवायचं.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

आज लाल गाडी आली, हीही दोन सीटची, कापडी छपराची. काय ती गाडी! आरशासारखी. मी तिच्यात पाहून केस सारखे केले.

घेऊन आलेलं जोडपं तर त्याहून छान. तो टाय लावून. गाडी विकायला टाय! कुणी आपली इज्जत ठेवली की बरं वाटतं. ती अत्तर लावून आलेली, चार घरं ओलांडून वास. आल्या आल्या माझे पडदे पाहिले आणि म्हणाली, आई, ह्या चुण्या तुम्ही घातल्या? अशी इस्त्री तर दुकानातसुद्धा करत नाहीत. मला आई म्हणाली. मास्तर आजी म्हणाले होते, तेही गुडघ्यांसकट.

मिस्त्री आले ते तेलकट डांगरीतच, आणि सोफ्यावर बसले. सोफ्यावर! ते उठल्यावर कुशनचं कव्हर काढून भिजत घातलं, ते आता सांगत नाही.

त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. म्हणे गरम आहे, मी थंड गाडी आणायला सांगितलं होतं, थंड इंजिन सुरू होताना खरं काय ते बोलतं. टायवाला म्हणाला, लांबून आलो ना. नंतर बोलता बोलता अत्तरबाईंनी सांगितलं की त्या पाण्याच्या टाकीच्या पलीकडेच राहतात, म्हणजे पायी दहा मिनिटं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मला तर उलट कौतुक वाटलं. आपल्यासाठी गाडी चालवून आधीच गरम करून आणली. पाहुण्याला गरम पाणी काढून ठेवावं तसं.

वही मागितली तर वहीच नाही. टायवाला म्हणाला, कधी काही झालंच नाही, लिहिणार काय? हे मात्र पटलं. जन्मात दवाखाना न पाहिलेली गाडी.

मग चुंबक. दाराच्या खाली लावलं, घसरून पडलं. चाकाच्या वर लावलं, पडलं. मिस्त्रींचं तोंड पडलं. अहो, चुंबकसुद्धा टिकत नाही इतकी गुळगुळीत गाडी, आणि ह्यांना दुःख!

टायवाल्याने हात धरून मला बसवलं. हळूच. म्हणाला, आई, ही सीट तुमच्यासाठीच बनवल्यासारखी आहे. बाहेरही त्यानेच काढलं. दोघांनी मिळून, पण हसतखेळत.

९ मार्च, रविवार. सकाळी.

नाकाबद्दल लिहायचं राहिलं. लाल गाडीत पायाशी नवाकोरा गालिचा होता. त्याला वास होता. अर्धवट वाळलेला टॉवेल घडी करून कपाटात ठेवला आणि आठ दिवसांनी काढला, की येतो तो. तो वास मी झोपेतही ओळखीन. पण त्यावर अत्तराचा वास होता, आणि मिस्त्रींच्या डांगरीचा. नाकाचा गोंधळ झाला असणार. वयही झालं आता नाकाचं.

चिमीला सांगितलं नाही. उगाच तिच्या डोक्याला ताप.

त्याच दिवशी, दुपार.

मिस्त्री येऊन गेले. (पायरीवरच बसवलं.) म्हणे लाल गाडीला हात लावू नका. चुंबक पडतं म्हणजे तिथला पत्रा गंजून गेलाय, आत पुट्टी भरून वर रंग फासलाय. निळी घ्या, डोळे झाकून घ्या. केस झाडले की गेले.

नख? ते विचारलं मी. म्हणाले, आजी, नख इंजिनात जात नाही. मिस्त्री स्वतः नाकातही बोट घालतात, मी पाहिलंय.

चिमी म्हणाली, उद्या मास्तरांना होकार कळवते.

१० मार्च, सोमवार.

चिमी अंघोळीला गेल्यावर मास्तरांना मीच फोन केला. म्हटलं, आमचं दुसरीकडे ठरलं. मास्तर म्हणाले, हरकत नाही आजी, आणखी दोघं रांगेत आहेत. गुडघे कसे आहेत, हेही विचारलं. निर्लज्ज.

चिमीला सांगितलं, मास्तरांचा फोन आला होता, गाडी गेली. खोटं नाही हे. दोघं रांगेत होते म्हणजे गेल्यातच जमा.

चिमीने कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, आता काय करू, एक एप्रिल तोंडावर आला. मी म्हटलं, लाल आहे की. तुझ्या आजीवर विश्वास आहे ना? म्हणाली, आहे.

१५ मार्च, शनिवार.

लाल गाडी दारात! शेजारीणबाईंनी तीनदा गॅलरीत येऊन पाहिलं. दोरीवर कपडे नव्हते तरी.

१६ मार्च, रविवार.

छप्पर उघडून तलावापर्यंत जाऊन आलो. वाऱ्याने माझा अंबाडा सुटला. चिमी ओरडली, आजी, हात वर कर! केले. सिग्नलला एक स्कूटरवाला हसला, मी त्याला जीभ दाखवली. चौसष्टाव्या वर्षी. बरं, सत्तराव्या.

येताना एक किडा तोंडात गेला. शी. पण चालतं.

१७ मार्च.

गाडी सकाळी उठत नाही. अकरानंतर उठते. साहजिक आहे, मोठ्या घरातली.

२० मार्च, गुरुवार.

अकरानंतरही उठत नाही. अत्तरबाईंना फोन केला, उचलला नाही. आजारी असतील बिचाऱ्या.

२३ मार्च, रविवार.

गाडी धुतली, पाइप लावून, मी आणि चिमीने. दार उघडलं तर आत घोट्यापर्यंत पाणी, आणि त्यात माझा रुमाल तरंगतोय. मिस्त्रींनी येऊन गालिचा उचलला. खाली काळा, बुळबुळीत, केसाळ चिखल, आणि त्यात गोगलगाय. जिवंत! मी नाकाला पदर लावून पळाले ती न्हाणीघरात. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार. खाली आमचं अंगण दिसलं.

मिस्त्री म्हणाले, ही रस्त्यावर न्यायची नाही, पोरगी मरेल. त्यांना जरा जास्तच बोलायची सवय आहे.

टाकीच्या पलीकडे स्वतः जाऊन आले. टायवाल्याच्या घराला कुलूप. दारात अजून तिच्या अत्तराचा वास.

२८ मार्च, शुक्रवार.

मिस्त्रींना मास्तर बाजारात भेटले. निळी गाडी खरं तर बारा तारखेला गेली, आणि आमचा नकार दहालाच आला होता, असं मास्तर म्हणाले. कुणी दिला तेही म्हणाले. मिस्त्रींनी ते चिमीला सांगितलं. तेलकट माणूस तो तेलकटच.

चिमी ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मीही चार शब्द बोलले असते, तयार ठेवले होते. तिने फक्त विचारलं, आजी, तुला वास आला नव्हता? तुला?

म्हटलं, सर्दी होती.

३० मार्च, रविवार.

चिमी बसने गेली. तिचे सगळे कपडे इस्त्री करून दिले, रुमालसुद्धा. तिने बॅगेत कोंबले. स्टँडवर काय घाण! कठड्यावर थुंकलेलं, बाकाला च्युइंगगम. बस येईपर्यंत मी त्याविषयीच बोलत होते. ती हं, हं म्हणत होती. चढताना मागे वळून हात केला. तो मला की कुणाला ते कळलं नाही, मध्ये एक जाडा माणूस होता.

३१ मार्च, सोमवार. दुपार.

गाडी अंगणातच आहे. लोक काहीही म्हणोत, तशी भरवशाची आहे. सोडली तिथेच असते.

प्लास्टिकची पिशवी अंथरून थोडा वेळ सीटवर बसले. दुसऱ्या सीटवर कुणी नसलं की आत बरीच जागा होते. गालिचा धुऊन तीन दिवस उन्हात घातलाय, वास गेला नाही. असा वास जात नाही. एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आले, बाई, हा आता जायचा नाही, नवीन घ्या.

चिमीचा फोन आला. पोचली. खोली बरी आहे. म्हणाली, मिस्त्री भंगारवाल्याचा टेम्पो ठरवतायत, गाडी न्यायच्या वेळी मीही येईन, सह्या करायच्या आहेत. विचारलं, राहशील ना? म्हणाली, बघते, बहुतेक त्याच दिवशी परत.

टेम्पोचा दिवस १३ एप्रिल, रविवार. सकाळी दहापर्यंत येतो म्हणाले.