अर्धा ओटा वहिनीच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा कवळ्या बनवणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. बुधवार राहून गेला, पण तो त्यांच्याही लक्षात आला नाही, तेव्हा आम्ही दोघेही शुद्धीत आहोत असे धरावे. दडपणाबद्दल म्हणाल तर आजवर ज्यांनी ते आणले, ते माझी बडबड ऐकून स्वतःच दडपून गेले.

१. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तोंडातली कवळी काढू नये. ती मीच बनवलेली आहे, आणि विद्यार्थ्यांनी एकदा तरी चांगले काम पाहावे.

२. मेण कोरायच्या सुऱ्या, जबड्यांचे साचे आणि पॉलिशचे यंत्र दुकानातल्या माझ्या भागीदारणीला. त्यांतला कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांचा साचा मात्र त्यांच्या घरी गुपचूप पोचवावा. आपले सगळे दात अस्सल आहेत असे ते पेशंटना सांगतात. जाता जाता कोणाचे दात त्याच्याच घशात घालायची माझी इच्छा नाही. म्हणजे आहे, पण घालू नयेत.

३. बँकेत वकिलांच्या तावडीतून जे काही वाचले असेल ते महिला मंडळाला. त्यातून आठवड्याला एक दिवस एखादी वकीलबाई बसवावी. सही करण्याआधी बायकांना कागद वाचून दाखवणे, एवढेच तिचे काम. मंडळाने माझा फोटो लावू नये. तोंड मिटलेला फोटो उपलब्ध नाही.

४. आता घर. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल. हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "आटोपशीर लिहा." त्या मला नवीनच ओळखतात.

वडील मृत्युपत्र न करता गेले. महिन्याभरात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, हक्कसोडपत्र माझ्यापुढे ठेवले. पेनाचे टोपणसुद्धा काढून दिले.

"चिमे, इथे सही कर. नुसती फॉर्मॅलिटी."

"वाचून करते."

"बहिणी वाचत नसतात, चिमे."

मी वाचले. वडिलांच्या घरातला माझा अर्धा वाटा मी प्रेमापोटी, राजीखुशीने सोडते आहे, असे त्यात होते. मुलीचा वाटा मुलाइतकाच, हा कायदा मी पेपरात वाचला होता. आमच्या घरापर्यंत तो यायचा होता, म्हणून मीच आणायला निघाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवले, स्वतःच्या तोंडाला आवर घालणे जमले नाही. कोर्टात जजसाहेब वैतागून म्हणाले, "बाई, हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्या." मी म्हटले, "हो किंवा नाही." माझ्या वकिलाने कपाळाला हात लावला.

दादाचे म्हणणे, हिने तोंडी हक्क सोडला होता. साक्षीला त्याने वहिनीला उभे केले. ती नात्याने मोठी, पण वयाने माझ्याहून लहान. घरी तिच्याकडून आठवडाभर पाठांतर करून घेतले होते.

"नणंदेने तुमच्यासमोर हक्क सोडला का?"

वहिनी पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "नाही. वन्सं वाचते म्हणाल्या. ह्यांनाच घाई होती."

मी जिंकले. महिला मंडळाने हार घातला. मी न्यायावर इतके लांब भाषण केले की चहा थंड झाला.

वाटणीला कोर्टाचा माणूस टेप घेऊन आला आणि भिंत नेमकी स्वयंपाकाच्या ओट्यावरून गेली. शेगडी दादाकडे, सिंक माझ्याकडे. दादा इरेला पेटून बादलीत भांडी घासू लागला, म्हणजे वहिनी घासू लागली. मी मेण वितळवायच्या दिव्यावर चहा करू लागले. त्याला मेणाचा वास यायचा. हीच न्यायाची चव, असे म्हणून मी तो प्यायचे.

गवंड्याने ओट्याच्या वर, पाइप जाईल म्हणून, हातभर भोक ठेवले होते. पाइप काही गेला नाही. एका सकाळी तिथून कप आला.

"वन्सं, मेण पिऊ नका. आणि ही कढई तेवढी धुऊन द्या."

त्या भोकातून मला कळले की साक्षीनंतर दादा तिला उठताबसता विचारतो, "हे घर माझं आहे. तुझं काय आहे इथे?" हारात मान माझी होती, किंमत मोजली तिने.

"माहेरी तुझा वाटा असेल ना?" मी विचारले.

"होता. भावाने कागद आणला, मी सही केली. बदल्यात मिक्सर दिला."

"मग?"

"अजून चालतो मेला. बिघडला असता तर टाकून तरी दिला असता."

सबब, घराचा माझा अर्धा भाग, अर्ध्या ओट्यासह, वहिनीला पूर्ण मालकी हक्काने मिळावा. वकीलबाईंनी सुचवले, "हयातीपुरता राहण्याचा हक्क द्या, पुढे पुतण्याला. सगळे असंच करतात." सगळे करतात म्हणूनच नको. वहिनीने तो विकावा, भाड्याने द्यावा, नाहीतर त्यात कोंबड्या पाळाव्यात. कोणी कारण विचारू नये.

५. दादा. त्याला कुणकुण लागली आणि गेल्या आठवड्यात, कित्येक वर्षांनी, तो माझ्या दारातून आत आला. स्टुलावर बसला. म्हातारा दिसला. मीही दिसले असेन, पण त्याने सभ्यपणे तसे म्हटले नाही.

"चिमे, ती इकडे राहायला आली तर माझं कोण करेल?"

"शेगडी तुझ्याच वाट्याला आली आहे."

तो हसेल असे वाटले होते. हसला नाही. म्हणाला, "तिला राहावंसं वाटेल असं मी काय करू?"

"ते मला नको, तिला विचार."

विचारले की नाही, ठाऊक नाही. दादाला मी काही ठेवत नाही. रागही ठेवायचा नव्हता, पण तो थोडा शिल्लक आहे. तो माझ्याबरोबर जाईल.

६. हा मसुदा मी वहिनीला वाचायला दिला. तीन वेळा वाचून तिने एकच ओळ खोडली. मी लिहिले होते, "तिच्या उपकारांची फेड म्हणून."

"उपकार-बिपकार काढा, वन्सं. तसं लिहिलंत तर उद्या हेच म्हणतील, चहाच्या बदल्यात घर लाटलं. नुसतं लिहा, दिलं."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझे बोलणे कमी केले आणि मी ऐकून घेतले.

दिलं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे. साक्षीदारांनीही माझ्यासमोर सही केली. त्यांना या मालमत्तेतले काहीही मिळायचे नाही, हे ऐकूनही ते थांबले, याबद्दल आभार.

सही : चिमी, कवळीवाली

साक्षीदार : १. दाखला देणारे डॉक्टर
२. दुकानाशेजारचा चष्मेवाला

ठिकाण : माझ्या वाट्याची मागची खोली
तारीख : ६ ऑक्टोबर, बुधवार