रोजच्या तीन चांगल्या गोष्टी

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण सध्या पोटामुळे वाकणं बंद आहे, तेव्हा उभ्यानेच नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला आणि मुलांची भांडणं जोरात असतीलच.

इकडे माझी झोप उडाल्याचं तुला फोनवर सांगितलं होतं (तू "त्यात काय एवढं!" म्हणालीस आणि दूध उतू गेलं म्हणून फोन ठेवलास). सातवा महिना लागल्यापासून डोळा मिटला की बाळंतपणच दिसतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी उपाय दिला: निजण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी घरच्यांना सांगायच्या, आणि त्या का घडल्या तेही. मनाला चांगलं शोधायची सवय लागते, धास्ती ओसरते. घरच्यांनीही सांगायच्या, म्हणजे एकटं वाटत नाही.

इथेच माशी शिंकली. आमच्या ह्यांचं काम लिफ्ट तपासण्याचं. खोट काढण्यात हयात गेलेला माणूस चांगलं म्हणून काय सांगणार? पहिल्याच दिवशी म्हणाले, "आज इस्पितळातल्या लिफ्टची तार तुटली नाही. का? तर मी वेळेवर पाहिली." कोणतं इस्पितळ, तर जिथे माझं नाव घातलंय तेच! तेव्हापासून मी तिथे जिन्याने चढते, आणि डॉक्टरीणबाई माझी धाप बघून विचारतात, एवढी काळजी कशाची? सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्यांच्या चांगल्या गोष्टी शेजाऱ्यांकडे घडतात आणि सहसा वाईट असतात. समोरच्यांचा नळ गळतोय, आपला नाही, असं म्हणून समाधानाने कूस बदलतात आणि तिसऱ्या गोष्टीआधीच घोरू लागतात. पाठोपाठ हेही. उपाय रामबाण आहे गं, फक्त लागू भलत्यालाच पडतोय.

खोटं कशाला बोलू, थोडा फरक मलाही पडलाय. परवा बाळाने पाय मारला तेव्हा मी आधी आनंदले आणि मग घाबरले. एरवी उलटं असतं.

बाकी क्षेम. मुलांना पापा.

तुझी धाकटी

ता. क. मुलांची जुनी दुपटी असली तर पाठव.

ता. ता. क. दुपट्यांचं निमित्त आहे. सगळ्यांनी चांगलंच बोलायचं ठरल्यापासून "मला भीती वाटते" हे सांगायला या घरात कोणी उरलेलं नाही. पहिल्या वेळी तूही घाबरली होतीस का, खरं सांग. पण पत्राने नको, इथे येऊन सांग.

आणि हो, आज तिसरी चांगली गोष्ट सुचेना, म्हणून "ताई येतेय" असं सांगून टाकलं. का येतेय, तेही ह्यांनी नेमाने विचारलं. म्हटलं, मी बोलावलं म्हणून. आता मला खोटं पाडू नकोस.