दोन आकड्यांचं तेल

चि. भाऊस,

मोठ्या ताईचा पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेलच, आणि नसला गेला तरी आधी हे वाच, मग खोक. आमची गाडी वाचली.

तुला ठाऊकच आहे, ती जुनी गाडी सकाळी सुरू केली की पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखी तडतडायची. लेक म्हणाला, इंजिन संपलं, रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. अख्ख्या जगात माझे गुडघे न कुरकुरता दुमडतात अशी त्या गाडीतलीच एक सीट (नव्या गाड्यांत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं). गॅरेजातला मिस्त्री म्हणाला, आणखी घट्ट तेल घाला, वर घर्षण कमी करायच्या औषधाची एक बाटली ओता, आवाज दबेल. दबेल म्हणजे काय, पोर रडतंय म्हणून दार लावून घ्यायचं?

मग मी गाडीचं पुस्तक काढलं. मला इंग्रजी अक्षरं अडतात, आकडे अडत नाहीत. पुस्तकात तेलाचे आकडे पाच आणि तीस, आमच्या तेलाच्या डब्यावर वीस आणि पन्नास. सुनेने मधली अक्षरं वाचून दाखवली तेव्हा उजेड पडला. पहिला आकडा गारठ्यातला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. पहिला जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहून झटकन वर पोचतं. आमचं वीसवालं थंडीतल्या मधासारखं खालीच बसून राहायचं, आणि इंजिनाचे वरचे भाग कोरडे खडखडायचे. घर्षणाचं औषध म्हणशील तर चांगल्या तेलात ते आधीच घातलेलं असतं. वर बाटली म्हणजे भाजीत दुसऱ्यांदा मीठ. हे सगळं मिस्त्रीला ऐकवलं. तो म्हणाला, "आजी, गॅरेजात कामाला कधीपासून येताय?"

शनिवारी तेल बदललं. रविवारी भंगारवाला दारात, लेकाच्या हातात चावी, मी खिडकीत देवाचं नाव घेत. क्षणभर तडतड झाली, आणि मग इतकं शांत, की बंद पडली की काय म्हणून लेक उतरून बघायला गेला. भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. मी त्या सीटवर बसून दोन फेऱ्या मारून आले (काम काहीच नव्हतं).

तुझी विजयी ताई

ता. क. मिस्त्रीला उगाच नावं ठेवू नकोस. 'घट्टातलं घट्ट द्या, अंगी लागेल' असं सात वर्षं मीच त्याला सांगत होते. लेकाचा फोन आला तर तुला यातलं काही माहीत नाही.

आणखी एक. त्या घट्ट तेलाचे चार डबे माझ्या पलंगाखाली आहेत. तुझ्या ट्रकच्या पुस्तकात वीस-पन्नास लिहिलं असेल तर लेक घरी नसताना येऊन घेऊन जा. लिहिलं नसेल तरी ये. मला वाकता येत नाही.